तिसरं बटण

४ ऑगस्ट, सोमवार
पहिल्या वर्षाचा आणखी एक मुलगा गाशा गुंडाळून गेला. "हवा मानवत नाही, सर." हवा! रॅगिंग चालू आहे, माझी खात्री आहे. हॉस्टेलचा रेक्टर मी, आणि मलाच कोणी ताकास तूर लागू देत नाही.

५ ऑगस्ट
व्हरांड्यात उभा राहून पाहिलं. ही नवी मुलं वॉचमनशी, मेसवाल्याशी तोंडाकडे बघून बोलतात. सीनियर आला की नजर खाली! भौतिकशास्त्राचे सर हसले – "अहो, तिसरं बटण! सीनियरच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं, वर नाही. जुनी पद्धत आहे." यात हसण्यासारखं काय? हेही त्यांना सामील असतील.

७ ऑगस्ट
दुसऱ्या मजल्यावर अचानक धडकलो. सगळे सीनियर पुस्तकात डोकं खुपसून! परीक्षेचा पत्ता नाही अजून. एकाने उठून खुर्चीसुद्धा पुढे केली. यांना आधीच कळलं होतं.

८ ऑगस्ट
जेवताना घरी बेत सांगितला – उद्या तिसरा मजला. आमचे चिरंजीव याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, राहतात घरी. म्हणाले, "वॉचमनला कळू देऊ नका, बाबा. तोच फितूर आहे." पोराला अक्कल आली म्हणायची. ही म्हणाली, "तुम्हाला भाजीत मीठ कमी पडलं तरी कट वाटतो." हिला काय कळणार!

९ ऑगस्ट
सकाळीच वॉचमनला मागच्या गेटवर पाठवलं. "माझं काय चुकलं, ते तरी सांगा, सर." सांगितलं नाही. माणूस जुना आहे, वाईट वाटलं.
मग तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथेही पुस्तकं! खुर्चीसुद्धा तयार.

११ ऑगस्ट
जिन्याखाली एक नवा मुलगा सापडला. बारकासा, जाड भिंगांचा – सगळे 'चष्मा' म्हणतात. डोळे सुजलेले. "मीही सोडून गेलो तर?" असं तोंडातल्या तोंडात म्हणाला. म्हटलं, उद्या संध्याकाळी घरी ये. तिथे काय ते मोकळेपणी सांग.
"तिथे कोणी नसेल ना, सर?"
"अरे, माझं घर आहे ते."

१२ ऑगस्ट
चष्मा आला. खुर्चीच्या कडेवर बसला. त्रास देणाऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चिरंजीव आतून चहा घेऊन आले. चष्मा ताडकन उठला.
चिरंजीवांच्या अंगात टी-शर्ट होता. बटणं नव्हतीच. तरी त्या मुलाची नजर छातीवर जिथे तिसरं बटण असतं, तिथे जाऊन थांबली.