पॅनेलसमोरच्या चपला

सोमवार, ४

आलो बुवा एकदाचा! खोली ऐसपैस आहे, खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसतो. मालकीणबाई एकट्याच राहतात. सांधे धरलेत, म्हणून रोज दोनदा कोमट पाण्यात तरंगतात. म्हणाल्या, बाई-बिई नको, आत्या म्हण. आठवड्यात तलावाचा हीटर दुरुस्त केला तर नोकरी पक्की, बायको आणि चिंगीलाही इथेच ठेवायचं. सहा वर्षांची चिंगी पोहायला शिकायचं खूळ घेऊन बसलीय. मी लगेच फोन करून सांगूनही टाकलं, रविवारी या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो मीच.

आत्या भलत्या टापटिपीच्या. पंपघराच्या दाराशी चपलांचं कपाट आहे, त्यात पुरुषांचे चार जोड नीट मांडलेले. घरात पुरुष नाही. पाहुण्यांचे असतील.

मंगळवार, ५

हीटरमधून पुरेसं पाणी वाहिलं नाही, तर जळू नये म्हणून तो आपणहून बंद पडतो. हाही दीड मिनिटात ठप्प. पंपाची जाळी काढली, स्वच्छ. फिल्टर धुतला. झडपा सगळ्या उघड्या. तरी प्रवाह निम्मासुद्धा नाही. सेन्सरला बगल देऊन हीटर चालवता येतो, पण तसली चलाखी केली असती तर मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी कानाखाली जाळ काढला असता.

एक कोडं आहे. हीटर बंद, हवा गार, आणि तलावाचं पाणी चौतीस अंश. आत्या म्हणाल्या, मागच्या महिन्यात सदतीस होतं, आता उतरत चाललंय.

गुरुवार, ७

तेहतीस.

माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून कपाटातला एक जोड पायात घातला. अगदी मापाचा. त्यावर क्लोरीनचे पांढरे डाग होते, माझ्या चपलांवर असतात तसेच. पाहुणे कुठले, हे सगळे मेकॅनिक! आत्यांना विचारलं, ते अनवाणी गेले का? म्हणाल्या, गेलंय कोण? मग म्हणाल्या, हीटरची ऊब बोचते रे, माणसाची कशी अंगात मुरते. मी हसलो. म्हातारपण, दुसरं काय.

शनिवार, ९, दुपार

तुंबा जमिनीखालच्या टाकीत असणार. तलावाचं पाणी तिथे उतरतं आणि तिथून पंप ओढतो. उस्तादांचा नियम असा की टाकीत उतरणाऱ्याने चपला पंपाच्या बटणाच्या पॅनेलसमोर काढायच्या. त्या तिथे आहेत तोवर बटणाला कुणी हात लावायचा नाही. आत्यांना हे नीट समजावलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. म्हणाल्या, चांगला नियम आहे.

पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात कापड कोंबलेलं होतं. ओढत गेलो. चार शर्ट निघाले, एकाला एक बांधलेले. गाठी सुबक, आत्यांच्या टॉवेलच्या घड्यांसारख्या. एका खिशात टेस्टर.

हे आपोआप झालेलं नाही.

वर आलो तर पॅनेलसमोर चपला नाहीत. कपाटात, आपल्या जागी. आत्या बटणापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, इतक्यात आलास?

मला भीती वाटते. बायकोचा फोन लागत नाही, दोघी निघाल्या असणार. आता मी पळालो तर त्या सरळ आत येतील. सकाळी फाटकातच गाठून परत न्यायचं.

रविवार, १०

सकाळी फाटकाकडे निघालो. पंपघराचं दार उघडं. पॅनेलसमोर चिंगीच्या लाल चपला. टाकीचं झाकण उघडं—

शिडी न बघता उडी मारली. खाली कुणी नाही.

वर झाकण बसलं. कडी लागली.

मी मूर्ख. नियम मीच शिकवला.

पंप चालू झाला. पाय नळीच्या तोंडात ओढला गेलाय, निघत नाही. वही खिशात होती. टॉर्च दातांत. पाणी कमरेला. चढतंय.

चिंगी तलावात आहे, तिकडून पाणी येणाऱ्या नळीतून ऐकू येतंय. हसतेय. खूप हसतेय. दोघी लवकर आल्या. चपला तिने पाण्यात उतरताना काढल्या असतील, म्हातारीने उचलून—

ओरडलो. पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

पाणी छातीला. मला थंडी वाजतेय. खिशातला तापमापक म्हणतो पस्तीस. छत्तीस.

चिंगी ओरडतेय, आई, पाणी गरम झालं!

सदतीस.

पंप थांबला. का थांबवला?

झाकणाशी पावलं. बायको विचारतेय, हे कुठे गेले. आत्या सांगताहेत, खाली काम करतोय. हाक मारून बघ, ओ दिली तर उतर. चपला काढ, इथेच, पॅनेलसमोर.

ओ दिली, पळ म्हणून ओरडलो, तरी ती मला काढायला उतरेल. तिच्यामागे चिंगी.

पाणी हनुवटीला. वही डोक्यावर धरून—

हाक मारतेय. कडी निघाली. हसत हाक मारतेय ती, मी लपलोय असं वाटतंय तिला.

ओ द्यायची नाही.

आता चिंगी. बाबा म्हणून. बाबा, या ना म्हणून. ओ द्यायची ना—