उंदरांना आठवलं

३ नोव्हेंबर, घुग्घुस
बाबांनी फाटकातच अडवलं. मी समोर उभी, हातात बॅग. "कोन पाह्यजे, बाई?" मंजुषा, म्हटलं. तुमची मुलगी. "या मंग. वच्छला असन घरात." आईचं नाव आहे अजून. माझं गेलं.

४ नोव्हेंबर
आईला विचारायचंच होतं, नागपूरला मी नेमकं करते काय. सांगितलं. आमच्या लॅबमध्ये उंदीर आहेत, बाबांसारखाच विसरण्याचा आजार असलेले. मुद्दाम तसे वाढवलेले. रोगाशी लढणाऱ्या, मेंदूतली घाण साफ करणाऱ्या तरुण पेशी आम्ही तयार करतो, शेपटीतून टोचतो. मग पाण्याच्या टाकीत सोडतो. पाण्याखाली एक पाट असतो, दिसत नाही. ज्याला आठवतं तो थेट तिकडे पोहतो. बाकीचे गोल गोल.
आई तांदूळ निवडत होती. "अन् मंग बुडते काय?"
नाही, काढतो आम्ही.
"हं."

६ नोव्हेंबर
धूळ. रात्रभर कोळशाचे ट्रक. बाकी काही नाही.

७ नोव्हेंबर
बाबांनी सीताफळाच्या बिया काढून गर वाटीत आईला दिला. "खाय. थकली असशीन." मी आत आले तर आईने वाटी पदराआड घेतली — लाजली! साठीतली बाई.
हे बाबा मला नवीन. पाचवीपासून मी चंद्रपूरला वसतिगृहात. सुट्टीत दिसायचे ते खाणीतून आलेले, गप्प. आजारात स्वभाव बदलतो, हे पुस्तकात आहेच.

९ नोव्हेंबर
लॅबमधून दिव्यानीचा फोन. ओरडतच — "ताई, सीधे पाटावर!" पेशी दिलेले थेट पोचले. नुसतं मिठाचं पाणी टोचलेले अजून फिरून राह्यले म्हणे.
हे उंदीर आहेत. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. पुन्हा सगळं करून पाहायचंय. हे मीच सगळ्यांना सांगते. तरी धावत स्वयंपाकघरात गेले. आई, उंदरांना आठवलं!
आईने गॅस बंद केला. "सबनच आठवते काय त्याइले? जुनंबी?"
तेच तर हवंय ना आपल्याला!
तिने पुन्हा गॅस लावला.

१० नोव्हेंबर
ठरवलं. माणसांवर चाचणी कधी सुरू झाली, तर बाबांचं नाव द्यायचं. आईला सांगितलं. "तू म्हनशीन तसं." जेवली मात्र नाही.

११ नोव्हेंबर
आईच्या डोक्याला तेल लावून देत होते. कानामागे बोटाला जुन्या खोकेचा वण लागला. मी काही विचारलं नव्हतं.
"पाना फेकून मारला होता तुह्या बाबानं. असं लय झालं. तुले म्हनूनच होस्टेलात ठेवलं." मग म्हणाली, "त्याइले आता याद नाई. हात धराच्या आधी विचारते मले — धरू काय म्हनते."
माझा हात थांबला.
"तो उंदराचा इलाज लवकर नाई ना येत, मंजू?"
नाही, म्हटलं. खूप वर्षं लागतात.
"लागू दे."