चौथी सही

सोमवार, ३ मार्च
पहाटेचं दूध काढून झाल्यावर एल्केने नाश्त्याच्या टेबलावर एक कागद ठेवला. ईस्टरच्या सुट्टीनंतर शाळेची मुलं गोठ्यावर येणार. आठवड्यातून तीन दिवस, एकेक वर्ग. नुसत्या दुधावर गोठा टिकत नाही हे तिने सांगायची गरज नव्हती, मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला चौदा गाई विकाव्या लागल्या तेव्हाच कळलं होतं. मुलं आली तर चौघांचं काम राहील. नाही आली तर ती गोठा बंद करणार. हे मात्र तिने सांगितलं, ब्रेडला लोणी लावता लावता.

कागदावर चार ओळी. प्रत्येकाने लिहून द्यायचं की कुठल्याही देशात, लहान मुलाला इजा झाल्याच्या प्रकरणात आपल्याला शिक्षा झालेली नाही. एल्केने सही केली. टोमाशने केली. मिरेलाने आधी हात पुसले, मग केली.

मी म्हणालो, चष्मा घरी राहिला.

चष्मा खिशात होता.

मंगळवार, ४ मार्च
आज एल्केने पुन्हा विचारलं नाही. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे म्हणाली. ती मला सोपानऐवजी झोपान म्हणते. माझ्या बायकोला, मंगलला, सात वर्षं झाली तरी हसू येतं, चारला उठणाऱ्या माणसाचं नाव काय ठेवलंय म्हणे.

पोलिसांचा दाखला पोस्टाने आला. कोरा. इथे जर्मनीत सतरा वर्षांत सायकलला दिवा नव्हता म्हणून एकदा थांबवलं होतं, तेवढंच. तिकडचं इथे कुणाला दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे नाही, असं मनाला दिवसभर सांगून पाहिलं.

गुरुवार, ६ मार्च
गुरुवार म्हणजे संध्याकाळचं दूध काढून एल्केकडे बटाट्याचं सूप आणि ती मालिका. अमेरिकेतलं गुरांचं मोठं रान, घोड्यांवरचे गडी, सगळे जर्मन बोलतात. एक म्हातारा गडी आहे, त्याचं जुनं काहीतरी बाहेर येतंय. त्याला शोधत माणसं आलीत आणि आता सगळ्या गड्यांच्या जिवावर बेतलंय.

टोमाश म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगायचं ना. डुक्कर आहे तो."
मिरेला म्हणाली, "सांगितलं असतं तर ठेवला असता का?"
एल्केचं लक्ष गाईंकडे. "ह्या जनावरांना आठ भाग झाले, कुणी पाणी दाखवलेलं नाही."
सगळे हसले. मीही.

रविवार, ९ मार्च
रात्री बत्तीस नंबरची गाय व्यायली. कालवड. नेहमीप्रमाणे कपाळाला भंडारा लावला. डबी कामाच्या डगल्यात असतेच. सुरुवातीला एल्केला वाटलं औषध आहे. आता मी सुट्टीवर असलो तर मिरेला फोन करून विचारते, पिवळं कधी लावणार.

दुपारी बॉबलिंगेनहून केतकी आली, चीक न्यायला. इथल्या आयटीतल्या मराठी घरांत एकाने खरवस केला की दुसऱ्या रविवारी तीन गाड्या दारात. या वेळी सासरे बरोबर होते, तीन महिन्यांसाठी आलेले. शिंदेकाका. कालवडीपुढे उकिडवे बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भंडारा कुणी लावला? आपलं माणूस दिसतंय."

इतकं बरं वाटलं. वासराच्या पायाला हात लावून, खुरं बघून बोलणारा माणूस किती वर्षांनी. चिकाचं बोललो, मुक्या जनावरांचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

सतरा वर्षं याचं एकच उत्तर दिलंय. सातारा साइडला. पुढे कुणी विचारत नाही.

आज म्हणालो, आंबेखिंड.

काका उठले. गुडघ्यावरचा पेंढा झटकला. "आम्ही खिंडीच्या पलीकडचेच," म्हणाले. आणि मग नाव विचारलं. तेही सांगितलं.

बुधवार, १२ मार्च
काही नाही. पाऊस, चिखल. दोन गाईंचे सड सुजलेत. काकांचा चेहरा डोळ्यापुढून जात नाही. ओळखलं असेल का? पंचवीस वर्षं झाली. माझे केस गेले, पोट आलं.

रविवार, १६ मार्च
काका पुन्हा आले. चीक नको होता. केतकी गाडीत बसून राहिली.

"सोपानराव," म्हणाले, "त्या वर्षी मी यात्रेत होतो."
मी म्हणालो, "हो."
"वाईट वाटतं बोलायला. पण माझी नात या शाळेत आहे. तिचा वर्ग तुमच्याकडेच यायचाय. मी सुनेला सांगितलंय. लपवून ठेवणं मला जमलं नाही."
"बरोबर केलंत."
"तुम्ही मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नव्हतं हो," म्हणाले, आणि मला नमस्कार करून गेले. मोठ्या माणसाने मला नमस्कार केला.

इथे एकदाच लिहितो. यात्रेच्या शर्यतीत गाडा माझा होता. डावीकडचा बैल, हरण्या, अर्ध्या वाटेत मागे ओढायला लागला. मी शेपटी पिरगळली. सगळेच पिरगळतात. मी हातात काहीतरी तुटेपर्यंत पिरगळली. हरण्या चाकोरी सोडून डावीकडे गेला, बांधावर. तिथे माणसं उभी होती. मोठी माणसं पळाली. गाड्याखाली जी गेली ती आठ वर्षांची होती, हातात बर्फाचा गोळा होता.

दीड वर्ष आत काढलं. बाहेर आल्यावर तिच्या घरापुढून जायला लागू नये म्हणून शेतातून फिरून घरी जायचो. मग गावच सोडलं.

बैलांचं काही चुकलं नव्हतं.

सोमवार, १७ मार्च
केतकीचा फोन. "काका, मला शाळेला काही कळवायचं नाहीये. तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण तुम्ही एल्केला सांगा. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर मला सांगावं लागेल ना, आई आहे मी." तीस-बत्तिशीची पोर. एवढं नीट बोलली.

मंगलला सांगितलं. तिला सगळं आधीपासून ठाऊक आहे, बघायला गेलो तेव्हाच तिच्या वडिलांसमोर बोललो होतो. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "अहो, मला सांगून लग्न केलंत. मग या लोकांना सांगायला काय झालं? सात वर्षं जेवताय त्यांच्या टेबलावर."
मी म्हणालो, तेव्हा गमवायला काही नव्हतं.
"हं," म्हणाली. "मी म्हणजे काही नव्हते."
थट्टा होती. अर्धीच.

गुरुवार, २० मार्च
मालिका. म्हातारा गडी पळून चाललाय, म्हणजे बाकीचे वाचतील. टोमाश जोरात म्हणाला, "आता जा! आग लावून झाल्यावर जा!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. टोमाशची दोन मुलं याच शाळेत. त्याने गेल्याच वर्षी इथे घर घेतलंय.

मीही पळायचा विचार केलाच होता. नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एक ओळखीचा आहे. पूर्वी आचारीच होतो मी. पण मी गेलो तर तिघांत पंचावन्न गाई आणि वर पंचवीस मुलं कशी होणार? एल्के लगेच दुसरा माणूस कुठून आणणार? राहिलो तरी गोठा बुडतो, गेलो तरी.

सही केली तर नाही बुडत. केतकी बोलली नाही तर.

हे लिहिलं आणि स्वतःची लाज वाटली. खोडत नाही.

सोमवार, २४ मार्च
सांगितलं.

एल्के वासरांना दूध पाजत होती. मी जर्मनची वाक्यं रात्री पाठ केली होती, एकही आठवलं नाही. तोडकंमोडकं बोललो. बैलगाडा हा शब्द तिला कळेना. हाताने दाखवलं. मग कळलं. बादली वासराच्या तोंडाशी तशीच धरून होती, दूध कधीच संपलेलं, वासरू रिकामी बादली चाटतंय.

म्हणाली, "या." मग पुन्हा, "या, या." इथे या म्हणजे हो. क्षणभर मला मराठीच ऐकू आलं, निरोप देताना म्हणतात तसं.

मग म्हणाली, "आज खुरं कापणारा येतोय. पहिल्या बारा गाई बांधून ठेव."

बारा गाई बांधल्या.

मंगळवार, २५ मार्च
एल्के बोलली नाही. कामाचं तेवढंच.

बुधवार, २६ मार्च
नाश्त्याला एल्के म्हणाली, "झोपानला काही सांगायचंय." माझं मीच सांगायचं, हे तिने ठरवलं. बरोबरच आहे.

मिरेला रडली. तिने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. ते मला फार लागलं, आणि त्यात तिची चूक नाही.

टोमाश कप हातात धरून बसला होता. "सात वर्षं," म्हणाला. "माझी मुलगी तुझ्याबरोबर ट्रॅक्टरवर बसलीय."
मी म्हणालो, "हो."
"आणि तू पाठीवर थाप खाऊन गप्प बसलास. गुरुवारी."
"हो."
"चष्मा घरी राहिला!" म्हणाला आणि हसला. कसलं हसू ते. उठून गेला. त्याचा ब्रेड तसाच टेबलावर.

खंडोबापुढे दिवा लावला. मी काही मागत नाही त्याच्याकडे. पंचवीस वर्षांत मागितलं नाही. आज एकदा तोंडाशी आलं होतं.

शुक्रवार, २८ मार्च
मुलीला, वैदेहीला सांगितलं. सोळा वर्षांची आहे. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मी मराठीत बोलत होतो, ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तरं देत होती. मग उत्तरं थांबली.

शेवटी एकच प्रश्न विचारला. "नाव काय होतं तिचं?"

मला माहीत आहे. कोर्टात रोज ऐकलं. तोंडातून आलं नाही. मंगलने स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं.

वैदेही उठून तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं.

रविवार, ३० मार्च
पाडवा. आणि आजच घड्याळ तासभर पुढे. गाईंना कुणी सांगितलेलं नाही, त्या जुन्याच वेळेला हंबरल्या. गुढी बाल्कनीत उभारली, कडुलिंब नाही, दरवर्षीप्रमाणे चिंचगुळाची चटणी. मंडळाचा कार्यक्रम बॉबलिंगेनला होता. गेलो नाही. मंगल जा म्हणत होती, "तोंड लपवून किती दिवस?" मी म्हणालो, आज राहू दे.

टोमाशच्या पाळीला मदतीला मी, माझ्या पाळीला टोमाश. एकमेकांकडे न बघता सड पुसतो आम्ही. काम मात्र चोख होतं. इतकं चोख कधी झालं नव्हतं.

सोमवार, ३१ मार्च
शेवटचा दिवस. एल्केने कागद काढला. मी विचारलं, मी काम सोडलं तर?
"मग मला हे बंद करावं लागेल," म्हणाली. "आणि तू खोटी सही केलीस तरी मी बंद करीन. आता मला माहीत आहे." आणि दुसरा कोरा कागद पुढे ठेवला. "चौथ्या ओळीवर लिही, सोबत पत्र जोडलं आहे. पत्र तू लिही. व्याकरण मी बघते. शाळेतले काय म्हणतील ते म्हणतील."

चष्मा लावला.

दोन तास लागले. शर्यत, बैल, शेपटी, बांध, शिक्षा. मुलांना मी दूध काढायला शिकवणार नाही, मुलं असताना मी गव्हाणीच्या मागच्या बाजूला काम करीन, हेही लिहिलं. एल्केने वाचलं. चुका सुधारल्या. मग एका जागी बोट ठेवलं. "इथे नुसतं 'एक मुलगी' लिहिलंयस."

पेन परत घेतलं. पूनम. जर्मन अक्षरांत लिहिलं, मग शेजारी आपल्या अक्षरांत. आपल्या अक्षरांत कशाला लिहिलं, ते कोण वाचणार तिथे. एल्केने ते खोडलं नाही.

घरी येऊन वैदेहीच्या दारावर टकटक केली आणि नाव सांगितलं. "पूनम," ती आतून म्हणाली. नीट म्हणाली. मराठी 'न'.

गुरुवार, ३ एप्रिल
पत्र पोचलं असेल. केतकीला फोन करून सांगितलं. "थँक यू काका," म्हणाली, आणि मग, "बाबा विचारत होते तुमचं." तिची मुलगी येईल की नाही ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी सूप होतं. टीव्ही कुणी लावला नाही.

मंगळवार, ८ एप्रिल
उत्तर नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला सतरा नंबरची अडली. टोमाश आणि मी, दोघंच. चौदा दिवस कामाशिवाय एक शब्द नाही, पण वासराचे पाय हाताला लागल्यावर माणूस बोलतोच. "आता," तो म्हणाला. "थांब," मी म्हणालो. "आता." दोरीला दोघांनी जोर लावला. गोऱ्हा. श्वास घेत नव्हता, टोमाशने नाकात काडी घातली, शिंकला.

मी हात धुवायला गेलो. परत आलो तर टोमाश पेंढ्याने वासरू पुसत होता. पाठ, पोट, मान अजून ओली होती. कपाळ मात्र त्याने आधी कोरडं करून ठेवलं होतं. मला बघितलं, उठला, आणि बादल्या घेऊन बाहेर गेला.

गोऱ्हा उभा राहायला बघतोय, पडतोय. भंडाऱ्याची डबी खिशातच आहे. अकराला पोस्टाची गाडी येते, अजून वीस मिनिटं आहेत.