निळ्या रंगाची विकी

२ मे, गुरुवार
आज आमच्या ऑफिसच्या प्रमुख अकुमू मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, जादुओंग (आमच्याकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात), जूनअखेर तुम्ही निवृत्त होणार आणि किसुमूतल्या निम्म्या बोअरवेलचे पंप अजून तुमच्या डोक्यातच आहेत. ते बाहेर काढा आणि एका विकीत घाला, म्हणजे कुणालाही मोबाइलवर उघडून वाचता येईल. सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा. टीमला तिचा उपयोग झाला, तर तिचे संपादक म्हणून आणखी एक वर्ष राहा.
एक वर्ष! आणि वर संपादक! शाळेत भित्तिपत्रकाचं संपादकपद अगदी थोडक्यात हुकलं होतं. न्याय उशिरा का होईना, मिळतोच.
घरी सांगितलं. मिन ओगाडा, म्हणजे आमच्या ओगाडाची आई, म्हणाली, मग कोंबड्यांचं खुराडं कोण बांधणार? निवृत्तीनंतर बांधतो असं मी कधीतरी बोलून बसलोय. म्हटलं, खुराडं कुणीही बांधेल, ज्ञान कोण बांधणार? ती म्हणाली, ज्ञानाला मुंगूस खात नाही.
संकल्प: रोज एक पंप लिहून काढायचा. उद्यापासून.

७ मे
अजून एकही पंप लिहिलेला नाही. पण सॉफ्टवेअरच ठरलेलं नसताना लिहिणार कशात?
तीन पाहिली. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना फुकटी, पांढरी आणि निळी म्हणतो. फुकटीत सगळं आहे, पण रूप सरकारी फॉर्मासारखं. पांढरीत शोधलेलं लगेच सापडतं, पण त्यात शोधण्याची मजाच राहत नाही. निळी उघडली आणि तिच्या रंगात किसुमूचा तलाव समोर आला. पहाटेचा, होड्या परतायच्या आधीचा. मिशनच्या शाळेच्या व्हरांड्यातून तो असाच दिसायचा. तिथेच गुरुजींनी आमच्याकडून बर्फावरची कविता पाठ करून घेतली होती. विषुववृत्तावर, घामाने निथळत, आम्ही चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होतो की बर्फ किती अलगद पडतंय. काय दिवस होते!
निळी जूनअखेरपर्यंतच फुकट आहे. पुढे पैसे भरावे लागतात. ते मॅडम बघतील.

१४ मे, दुपार
टीमची मीटिंग. टीम म्हणजे आम्ही पाच जण, त्यातले दोघे बाहेर पंपावर. स्टोअर सांभाळणारी अपोंडी म्हणाली, जादुओंग, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे की आपला, त्यातच टाका ना. मी तिला शांतपणे समजावलं की ग्रुप म्हणजे बाजार आणि विकी म्हणजे वाचनालय. ती म्हणाली, मग बाजारच बरा, तिथे माणसं तरी असतात.
ओल्वेनी हा आमचा मेकॅनिक. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. तो म्हणाला, बारा दिवस झाले, तुम्ही सॉफ्टवेअर निवडताय की सून?
मी हसलो नाही. नंतर जिन्यात थोडा हसलो.

२३ मे
निवड झाली! अगदी शास्त्रीय पद्धतीने. तुलनेचा तक्ता केला, गुण दिले. पांढरी बरीच पुढे होती. मग लक्षात आलं, तक्त्यात ‘मनाला शांती’ हा रकानाच नाही. तो घातला. निळी जिंकली.
मॅडमनी तक्ता वाचून विचारलं, टीमने वापरून पाहिली का? म्हटलं, टीमला अजून तेवढी दृष्टी नाही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

३० मे
पहिलं पान लिहून झालं. विषय: लाइट जाऊन आल्यावर पंप सुरू होत नसेल तर. सुरुवात अशी केली:

भूमीच्या उदरी बसून गुणगुणसी,
तृषितांच्या कंठा नित्य ओल देसी,
आज का रे पंपा, धरिलेसी मौना?
कोण तुज बोलले? सांग ना, सांग ना!

अशी चार कडवी. प्रत्यक्ष कृती पुढच्या भागात देईन. आधी वाचकाचं मन तयार व्हायला हवं.
पान किती वेळा उघडलं गेलं, ते निळी खाली दाखवते. आजचा आकडा एक. तो मीच.

४ जून
शनिवारी गावाकडे लग्नाला गेलो आणि डोळे उघडले. वादक रंगात आला होता. तेवढ्यात माझ्या मेव्हण्याने हात वर केला, ‘थांबा!’ म्हणाला, वादकाच्या थाळीत नाणं टाकलं आणि भर मांडवात स्वतःची तारीफ सुरू केली: मी कोण? मी पावसाआधीचा वारा, मी तीन जावयांचा सासरा! लोकांनी डोक्यावर घेतला. मग वादन पुढे सुरू. आमच्यात याला पाकरुओक म्हणतात. त्याच्याशिवाय मैफल म्हणजे मीठ नसलेला मासा.
परतताना बसमध्ये प्रकाश पडला. माझ्या विकीवर कुणी थांबत नाही, कारण थांबून ‘मी कोण’ म्हणायला तिथे जागाच नाही!
आजपासून प्रत्येक पानाच्या वर पाकरुओकची जागा. नाणं माफ.

१० जून
वाचनालय भरलं! ओल्वेनीने सुरुवात केली: थांबा, पंप नंतर उघडा! मी कोण? मी ओल्वेनी, अवासी गावचं वादळ, माझी मोटरसायकल दिसली की खड्डे आपणहून बाजूला होतात! खाली लगेच अपोंडी: थांबा! मी स्टोअरची राणी, माझ्या सहीशिवाय इथे वॉशरसुद्धा हलत नाही! आणि वादळा, तुझी मोटरसायकल महिनाभर गॅरेजात पडली आहे, खड्डे तिला भेटायला तिथे जातात का? खाली पुन्हा ओल्वेनी. खाली पुन्हा अपोंडी. मग प्रत्येकाचे फोटो. ओल्वेनीचे नऊ.
निळीचा आकडा तीनशेच्या वर. मॅडमना लगेच कळवला. म्हणाल्या, वा जादुओंग, मला वाटलं नव्हतं. एक वर्ष आता खिशातच.
कृतीचा भाग तेवढा राहिलाय. गर्दीत खाली जागा शोधतो.

१८ जून, दुपारी ३
टेकडीवरच्या प्रसूतिगृहात सकाळी लाइट जाऊन आली आणि पंप रुसला. टाकी रिकामी, आत दोन बायका अडलेल्या, नर्स हातात बादली घेऊन उभी. ओल्वेनी गेला. बटण दाबलं की मोटर घुर्र करून बंद. त्याने मोबाइलवर विकी उघडली. माझी चार कडवी ओलांडली, मग स्वतःचीच तारीफ लागली. खाली सरकवतोय, सरकवतोय, फोटो उघडतायत, आणि अपोंडीच्या तिसऱ्या उत्तरापाशी डेटा संपला.
मला फोन आला तेव्हा ओरडत होता, जादुओंग, तुमची कविता राहू द्या, पंपाचं बोला!
म्हटलं, पाइपावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद कर, मग बटण दाब. पाणी आलं की हळूहळू उघड.
फोनमधूनच पाण्याचा आवाज ऐकू आला. मागून नर्स म्हणत होती, एवढंच होतं?
एकंदरीत विकीच्या कल्पनेचा विजय. ज्ञान पोहोचलं. वाट जरा वेगळी निघाली, एवढंच.

२० जून
अपोंडी म्हणाली, परवा फोनवर बोललात तेच या मोबाइलमध्ये पुन्हा बोला. बोललो. तिने ते ग्रुपवर टाकून सगळ्यात वर अडकवून ठेवलं. आता रोज कुणीतरी येतं. जादुओंग, गढूळ पाणी येतंय, बोला. जादुओंग, केबल जळाली, बोला. मी बोलतो. सुरुवातीला दोन ओळी म्हणायला जातो, तर अपोंडी रेकॉर्डिंगच्या बटणावरचं बोट उचलते आणि पुन्हा पहिल्यापासून.
हे तात्पुरतं आहे. सवडीने सगळं विकीत उतरवणार आहे. तिथे काय, आता वर्ष आहे हातात.

२७ जून, सकाळी ९
मॅडमनी अकराला बोलावलंय. कोट घातला. मिन ओगाडा म्हणाली, खिळे आणून ठेवलेत. बिचारीला कल्पना नाही.

तोच दिवस, १२ वाजता
मॅडम फार छान बोलल्या. म्हणाल्या, जादुओंग, तुमच्या डोक्यातलं सगळं ग्रुपवर आलं, तेही तुमच्या आवाजात. पोरं गाडीत ऐकत जातात. विकीची आता गरजच उरली नाही, मी तिचे पैसे भरत नाहीये.
मी विचारलं, आणि संपादक?
त्या म्हणाल्या, कशाचा?
मग उठून त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. फोन मात्र चालू ठेवा, म्हणाल्या. म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

२८ जून, शुक्रवार
निरोपाचा तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची उगाली. भाषणात बर्फाची कविता म्हणणार होतो, पण तेवढ्यात सोड्याच्या बाटल्या आल्या आणि सगळे तिकडे वळले. संध्याकाळी अपोंडीने मला ग्रुपमधून काढलं. म्हणाली, नियम आहे जादुओंग, फक्त कामावरची माणसं. खरंच रडत होती.
माझा आवाज आत राहिला, मी बाहेर.

३० जून, रविवार
चर्चमध्येही फोन चालू ठेवला. दुपारी अंगणात बसलो, मांडीवर खिळ्यांचा डबा. चारला फोन वाजला. ओल्वेनी! घसा साफ केला, बसल्या जागी ताठ झालो. म्हटलं, बोल बाळा, कुठला पंप?
पंप सगळे ठीक आहेत, म्हणाला. तेवढा निळीचा पासवर्ड द्या, माझा मी विसरलो. आज ती बंद होतेय ना, माझा पाकरुओक कॉपी करून घेतो. सासऱ्यांना दाखवायचाय.
पासवर्ड सांगितला. माझ्या चार कडव्यांचं काय, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला होता.
मिन ओगाडा दारातून म्हणाली, काय झालं हो? म्हटलं, ऑफिसचा फोन. माझ्यावाचून अडलंय त्यांचं.
ती आत गेल्यावर उठलो. एका हातात हातोडी, दुसरा हात वर केला. कोंबड्या दाणे टिपत होत्या. म्हटलं, थांबा! मी कोण?
एकही थांबली नाही.