मेलो, आता निवांत झोपा

४ ऑगस्ट
परदेशी दुकान भारतात आणणं अवघड आहे असं म्हणणाऱ्यांनी नियम वाचलेले नसतात. नियम म्हणजे अटींची साखळी. एक अट पूर्ण करायची, पुढची घ्यायची. आमची डॅनिश कंपनी चादरी, उशा, गाद्या विकते. नाव संस्थापकांच्या दोन मुलींवरून: मेट्टेतलं ‘मे’, लोनेतलं ‘लो’. पहिलं भारतीय दुकान मीरा रोडला, दसऱ्याला. परवानग्यांची जबाबदारी माझी. वेळेत उघडलं तर जानेवारीत माझी बदली कोपनहेगनला, असं माझा बॉस येन्स म्हणालाय. फोनवर डॅनिश शिकायला सुरुवात केली.

१२ ऑगस्ट
अट: परदेशी भांडवल एक्कावन्न टक्क्यांच्या वर असेल तर तीस टक्के माल भारतातला हवा. पेणकरपाड्याचा मितेश चादरी शिवून देणार, वर कापडी पिशव्याही. सगळ्या पांढऱ्या. अट पूर्ण.

२६ ऑगस्ट
अट: पाटीवर मराठी अक्षरं आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. मी लहान ठेवलीच नाहीत, दुप्पट केली. घोषवाक्याचं भाषांतरही मीच केलं. डिझाइन आईला दाखवलं. ती आधी हसली, मग म्हणाली, “अगं रसिका, हे दुकान आहे की बातमी?”
आईला ब्रँडिंग कळत नाही.

२८ ऑगस्ट
येन्सने मेलवर विचारलं, या शब्दाला तिकडे काही अर्थ आहे का? मी उत्तर दिलं: नाही. विशेषनामाला अर्थ नसतो. शिवाय व्याकरणाने पाहिलं तर ते रूप पुल्लिंगी आहे, म्हणजे निम्म्या ग्राहकांना लागूच होत नाही. हे मात्र कळवलं नाही. विचारलं तेवढंच सांगावं.

१५ सप्टेंबर
पाटी चढली. पांढऱ्यावर काळी अक्षरं: ‘मेलो’. खाली ‘आता निवांत झोपा’. तपासणीला आलेल्या साहेबांनी टेप लावून उंची मोजली. म्हणाले, “नियमाप्रमाणे एकदम परफेक्ट.” मग पाटीला हात जोडले. बहुधा सवय असावी.
आईचा फोन: “पितृपक्षात लावलीस? निदान तेवढं तरी टाळायचंस.”

१७ सप्टेंबर
मितेश आला. पिशव्या छापणार नाही म्हणतो. “रसिकाबेन, परवा पप्पांची अँजिओग्राफी आहे. मैं ये थैला लेके हॉस्पिटल जाऊँ? एक ‘ल’ जास्त टाका ना. मेल्लो. इटालियन लगेगा.” मी शांतपणे समजावलं की सगळ्या परवान्यांवर हेच स्पेलिंग आहे, एक अक्षर बदललं तर अर्ज पहिल्यापासून. तो म्हणाला, “मग परवान्यांनाच झोपवा गादीवर.”
संकल्प: पुरवठादारांशी भावनिक चर्चा करायची नाही. पिशव्या कोऱ्याच घेतल्या.

२ ऑक्टोबर
दसरा. उद्घाटन. रस्त्यापर्यंत गर्दी! बहुतेक सेल्फी काढणारे. एका गृहस्थांनी पाटीखाली डोळे मिटून, जीभ बाहेर काढून फोटो काढून घेतला. त्यांची बायको म्हणाली, “तिथेच राहा, मी सोनं वाटून येते.” विक्री: एक उशी, तीही आईने घेतलेली. पण ब्रँडची ओळख शंभर टक्के. येन्सला तेवढंच कळवलं.

९ ऑक्टोबर
रिक्षावाले या चौकाला ‘मेलो नाका’ म्हणायला लागले. असं नाव पडायला इतर ब्रँडना वर्षं लागतात.
बिल फाडताना गिऱ्हाईकं नाव मोठ्याने वाचतात आणि वस्तू परत ठेवतात. लग्नाच्या आहेरासाठी चादर पाहणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “नाव उसवून मिळेल का?” मी म्हटलं, लेबल काढणं नियमात बसत नाही.

१४ ऑक्टोबर
पहिला घाऊक ग्राहक! लवू पाटील, भाईंदर पश्चिम. पांढऱ्या चादरींचा सगळा साठा उचलला. त्यांनाही लेबल उसवून हवंय का, मी आपणहून विचारलं; घाऊक ग्राहकासाठी नियम पुन्हा वाचता येतो. ते म्हणाले, “न्हाय न्हाय, तेच तर हवंय! गिऱ्हाईकाला सांगायची गरज न्हाय.” कसलं दुकान आहे विचारलं. अंत्यविधीचं साहित्य.
येन्सला आकडे पाठवले. ग्राहकाचं क्षेत्र: ‘कौटुंबिक समारंभ’. चुकीचं नाही.

२७ ऑक्टोबर
लवूशेठची पुन्हा ऑर्डर. त्यांच्या व्यवसायबंधूंचीही, पार वसईपासून. कंपनीच्या सगळ्या देशांत मीरा रोडची वाढ पहिली. येन्स फोनवर फार भारावलेला. मी डॅनिशमध्ये आभार मानले. जाड मोज्यांची यादी केली.

३ नोव्हेंबर
येन्सचा मेल. ‘कौटुंबिक समारंभ’ हे कंपनीचं नवं धोरण. त्यासाठी स्वतंत्र विभाग, आणि प्रमुख मी. अशी पकड कोपनहेगनला बसून राहत नाही, म्हणून मुक्काम पाच वर्षं इथेच. दुसरी शाखा ग्राहकाच्या अगदी जवळ हवी. जागा लवूशेठनी सुचवली आहे. स्मशानभूमीच्या फाटकासमोर. नाव, पाटी, घोषवाक्य तेच राहील. परवानग्या मी काढायच्या. अडचण एकही नाही.

आईने विचारलं, काय झालं, चेहरा असा का?
मी म्हटलं, “मेले.”
स्त्रीलिंगी रूप. अचूक.