खालटोला, लोकसंख्या ३१२

खालटोला, ता. देवरी
२४ जानेवारी २०२६

तीर्थरूप मोठे बाबांस,
दिव्याचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी या गावाची लोकसंख्या घरोघर मोजून ३१२ लिहिली होती. ती चूक आहे. खरा आकडा ३११. तुम्ही लाल पेन उघडण्याआधी स्वतःच कळवते.

घोळ बायजाबाईंमुळे झाला. त्यांचा मुलगा मनीराम याने घरातली नावं सांगितली, त्यात बायजाबाई, वय सत्तर. टोल्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लेक सुलोचना राहते. तिने सांगितलं जमुनाबाई, वय बासष्ट. दोघीही मी लिहून घेतल्या. काल हापशीवर कळलं की जमुना हे बायजाबाईंचं माहेरचं नाव, आणि माणूस एकच. विचारायला गेले तर त्यांनी मलाच झापलं, की दोन्ही घरी जेवून राहिली तर एकाच घरी कायले लिहायचं. आठ वर्षं कुठे गेली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चिंता अशी की हा आकडा माझ्या शाळेच्या भिंतीवर चढणार आहे. ग्रामपंचायतीने देवरीचा पेंटर विक्की ठरवलाय. क्षेत्रफळ, उंची, लोकसंख्या, सगळं ऑइलपेंटमध्ये. उंचीचं म्हणाल तर मनीरामच्या मते ती रिकाम्या हाताने कमी असते आणि सिलेंडर डोक्यावर असला की जास्त. गाव डोंगराच्या माथ्यावर असून नाव खालटोला, कारण यांचे पूर्वज छत्तीसगडकडच्या आणखी उंच डोंगरावरून उतरले. त्यांच्या हिशेबाने ते खालीच आले. माथ्यावर पाण्याची एक बोडी आहे, आणि हे तळं उन्हाळ्यातही आटत नाही म्हणतात. नावांची यादी सोबत जोडली आहे, तपासून द्या.

आईला सांगा, घराजवळच्या गोरेगावला बदलीचं पत्र आलं. १३ फेब्रुवारीपर्यंत देवरीच्या कार्यालयात होकार की नकार ते लेखी द्यायचं आहे. तिने माझी खोली रंगवून घेतली असं ऐकलं. मी अजून काहीच ठरवलेलं नाही, म्हणजे रोज दोनदा ठरवते.

तुमच्या लोभाच्या यादीत माझं नाव एकदाच, पण ठळक असू द्या.

आपली,
दिव्या


दवनीवाडा
३० जानेवारी २०२६

चि. दिव्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या दोनच चुका, म्हणजे शाळेत बाई झाल्यापासून सुधारून राहिली. डोंगराच्या डोक्यावर बोडी, हे मात्र पटत नाही. आपल्या घराण्याने चार पिढ्या तलाव बांधले. पाणी उतरतं हे आम्हाला ठाऊक होतं, चढतं हे तुझ्याकडून समजलं.

आता मुख्य चूक. यादी मी चारदा वाचली. मनीराम आहे, दुर्गेश आहे, दुर्गेशची चार दिवसांची पोरगीसुद्धा आहे. शाळेच्या मॅडम कुठे आहेत? जूनपासून तिथे राहून राहिली. जिथे सहा महिने काढले तिथला माणूस, हे मीच तुला ओसरीवर शिकवलं होतं. तुला शाळेत घालायच्या आधी जेवणाची ताटं मांडायला सांगितली की तू घर मोजायची, दहा ताटं मांडायची, आणि अकरावी तू स्वतः भिंतीशी उभी राहून रडायची. वीस वर्षांत फरक नाही.

तुझ्या आईचं म्हणणं, पोरगी येणारच आहे तर तिथे मोजायची कायले. तुझा बाप म्हणाला, तिथे मोजली तर इथून वजा करावी लागेल. तेव्हापासून तुझी आई सुमित्रा आम्हा दोघांशीही बोलून नाही राहिली, घरात फार शांतता आहे. तू तुझं ठरव. भिंतीवर खोटा आकडा तेवढा नको.

आशीर्वाद भरपूर आहेत, ते मोजत बसू नकोस.

देवचंद


खालटोला
६ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप मोठे बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की पोरं खिडकीशी गोळा झाली. सत्तावन्न घरं फिरले, पाळण्यातली बाळं मोजली, आणि माझ्याच खोलीला कुलूप लावून पुढे गेले.

तुमचं पत्र घेऊन बायजाबाईंकडे गेले. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी जमुनाबाईने मॅडमची जागा धरून ठेवली होती. आता मॅडमने बसावं, त्या रुमाल उचलतात. म्हणजे ३१२ मधून एक जमुनाबाई गेल्या आणि एक मी आले. पहिला आकडाच बरोबर होता, फक्त माणूस चुकला होता. हे सुचल्यापासून मी उतारावर चालत नाही, धावते.

मी राहते आहे, मोठे बाबा. लिहून झालं, आणि खोडलं नाही. आईला वेगळं पत्र लिहिलंय. ते तुम्ही वाचून दाखवू नका, तिला एकटीला वाचू द्या. फक्त एवढं सांगा की इकडे मोजल्याने मी तिकडून वजा होत नाही. रंगवलेली खोली माझीच, होळीला येऊन झोपेन. आणि त्या दिवशी ताटं मीच मांडीन, अकरा.

बोडीला माथ्यावरच्या झऱ्याचं पाणी आहे. विश्वास नसेल तर फाट्यापासून तीन किलोमीटर चढून या.

देवरीला जाऊन बदलीला नकार देते, पोच घेते, आणि येताना विक्कीला रंगाच्या डब्यांसकट वर घेऊन येते. त्याने बारातला दोन काढेपर्यंत मी शिडीजवळून हलणार नाही.

लोभ आहे तसाच असावा, आईचा थोडा जास्त लागेल.

आपली,
दिव्या

ता. क. देवरीला जायचा दिवस लिहायचाच राहिला. गुरुवार, १२ फेब्रुवारी, सकाळची पहिली गाडी.