कोचवहिनींचा फोटो

६ मार्च

बाबांना आज गिऱ्हाइकासमोर बोलले. बोलायला नको होतं.

पोहण्याच्या तलावावरचे कोच जानेवारीत गेले. यकृताचा आजार, सहा महिने अंथरुणाला खिळून होते. आता तलावाच्या दारात त्यांचा मोठा फोटो लागणार आहे. त्यांची बायको (सगळे त्यांना कोचवहिनीच म्हणतात) आज नमुना बघायला आल्या होत्या. मूळ फोटो आजारपणाच्या आधीचा, बाबांनीच काढलेला. मागची गर्दी काढणं, चेहरा साफ करणं, रंग नीट करणं, हे सगळं माझं काम. दोन दिवस मान मोडून केलं. आमच्या फोटोच्या दुकानातल्या प्रिंटरवर छोटा नमुना काढून वहिनींच्या हातात दिला. बाबा शेजारीच उभे होते. म्हणाले, "हे बरे वाटत नाहीत गं. आजारी वाटतायत."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "फोटो ठीक आहे, बाबा. तुमच्या डोळ्यांना आता रंग धड दिसत नाहीत."

मग वहिनीच म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर ठीकच असेल." बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आत जाऊन बसले.

सासरे आहेत हे एक वेळ सोडून दे. ज्या माणसाने मला कॅमेरा हातात धरायला शिकवलं, त्याला मी हे बोलले. आणि परक्या बाईसमोर!

७ मार्च

बाबा दुकानात आले नाहीत. पाय दुखतायत म्हणाले. फाइल मोठ्या छपाईसाठी लॅबला पाठवून दिली.

११ मार्च

अजून पाय दुखतायत. पण संध्याकाळी चांगले चौकापर्यंत फिरून आले.

१५ मार्च

आज फोटो लागला. कसं लिहू.

लॅबमधून तो चौकटीत बसून, कागदात गुंडाळून परस्पर तलावावर गेला होता. मी बघितलाच नव्हता. सकाळचं लख्ख ऊन, पोहायला शिकणारी मुलं ओल्या केसांनी रांगेत उभी. कापड ओढलं. चेहरा हिरवट पिवळा. माझ्या स्क्रीनवर उन्हात रापलेला, तांबूस, हसरा माणूस होता. हा कुणी वेगळाच.

टाळ्या वाजल्या. सगळे पांगल्यावर वहिनी माझ्यापाशी आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "शेवटी शेवटी असेच दिसायचे हे. म्हणून तर जुना फोटो दिला होता. मला हे आजारातले नको होते."

"लॅबवाल्याने घोळ घातलाय, वहिनी. बदलून देते," मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. पण किती चटकन दुसऱ्याचं नाव आलं तोंडावर.

१६ मार्च

लॅबवाल्याकडे जाऊन भांडले. त्याच्या दुकानात चार माणसं होती, तरी आवाज खाली आला नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच दिवशी छापलेला एका लग्नाचा अल्बम माझ्यासमोर उघडला. रंग चोख. मग माझी फाइल त्याच्या स्क्रीनवर लावली. हिरवी! "मॅडम, आली तशी छापली. तुमचा स्क्रीन शेवटचा कॅलिब्रेट कधी केला होता? रंग मोजून, जुळवून?"

मी म्हणाले, नवा आहे, वर्षच झालंय. त्याने हसू दाबलं.

मग समजावलं. माझ्या स्क्रीनला मुळात लाल झाक असणार. मला चेहरे लाल दिसतात, म्हणून मी लाल काढत जाते. स्क्रीनवर चेहरा छान दिसायला लागतो, पण फाइल हिरवी झालेली असते. कागद बिचारा फाइलमधलं तेच दाखवतो.

चार माणसं ऐकत होती. कानशिलं तापली. सॉरी म्हणाले की नाही तेही आठवत नाही. बहुतेक नाहीच.

१७ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१८ मार्च

फुकटात भागवायचा प्रयत्न. इंटरनेटवर राखाडी पट्ट्यांची चाचणी असते, ती बघत बघत डोळ्यांनी स्क्रीन जुळवायचा. तासभर खटपट केली. जे लावावं तेच थोड्या वेळाने बरोबर वाटायला लागतं. नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मला तर आधीचाही छान वाटत होता." डोळ्याला कशाचीही सवय होते. यंत्र घ्यावं लागणार.

१९ मार्च

दिवसभर तेच वाचतेय. स्क्रीनवर टेकवायचं, माउसएवढं यंत्र. कॉम्प्युटर एकेक रंग दाखवतो, ते मोजतं आणि स्क्रीन कुठे चुकतोय ते सुधारून देतं. सगळ्यात भारी जे आहे ते छापलेला कागदसुद्धा मोजतं, पण त्या किमतीत मला चांगली लेन्स येईल. एक जुनं, वापरलेलं स्वस्तात मिळतंय. विकणारा फोनवर फारच गोड बोलत होता. नंतर वाचलं की जुन्या यंत्रातले रंगीत फिल्टर काळाने फिके पडतात, मग मोजमापच चुकतं. शिवाय त्याचं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. म्हणजे एका खोट्या स्क्रीनवर दुसरं खोटं यंत्र.

शेवटी लाज गुंडाळून लॅबवाल्याला फोन केला. आधी सॉरी म्हणाले. तो "हं" म्हणाला. मग विचारलं, कोणतं घेऊ. "एकच स्क्रीन आहे ना? साधं, नवं घ्या. कागद मोजायचं काम माझं, तुम्ही कशाला त्यात पैसे घालता? माझ्या कागदाचं प्रोफाइल पाठवतो, छापल्यावर रंग कसे उतरतील ते स्क्रीनवरच दिसेल. आणि स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, झगझगीत स्क्रीनवर माणूस फोटो गडद करत जातो, तुमच्या फाइली नेहमी काळपट येतात."

नेहमी! म्हणजे हेही होतंच.

२० मार्च

साधंच मागवलं. लेक विचारत होती, आजोबा दुकानात का येत नाहीत. मी म्हणाले, पाय दुखतायत.

२२ मार्च

बाबांशी बोलायचंच असं ठरवून चहा घेऊन गेले. पेपर वाचत होते. "ठेव इथे," म्हणाले. ठेवला. आले. ते माझ्याशी एक शब्द वाकडा बोलत नाहीत, तेच सहन होत नाही.

२४ मार्च

यंत्र आलं. बाबांनी आयुष्यभर लोकांचे फोटो काढले त्या खोलीत, पडदे ओढून, एकटीने लावलं. स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा, राखाडी असं एकामागून एक येत राहिलं. शेवटी एक बटण येतं: आधीचं आणि आताचं. दाबलं. आधीचा स्क्रीन गुलाबी दिसला. चांगलाच गुलाबी. यावर मी वर्षभर लोकांचे चेहरे रंगवत होते.

मग कोचचा फोटो उघडला. तलावाच्या दारातला हिरवा चेहरा, जसाच्या तसा.

आता इथे खोटं नको. तो छोटा नमुना प्रिंटरमधून आला तेव्हा मलाही क्षणभर हिरवट वाटला होता. शाईचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिला. बाबा बोलले तेव्हा राग आला तो त्यासाठीच. मला दिसलेलं त्यांनी बोलून दाखवलं होतं, आणि मी त्यांच्या डोळ्यांवर घसरले.

२५ मार्च

फोटो मुळापासून पुन्हा केला. लॅबवाला पैसे घेत नव्हता. मी जबरदस्तीने दिले.

२८ मार्च

मोठा फोटो दुकानात आला. कोचवहिनींना बोलावलं. घरी जाऊन बाबांना म्हणाले, "बाबा, पाय दुखत असले तरी चला. मला तुम्ही तिथे हवे आहात." आले.

वहिनींच्या समोर बोलले होते, म्हणून त्यांच्यासमोरच बोलले. "त्या दिवशी बाबा बरोबर होते, वहिनी. माझा स्क्रीन चुकीचा होता आणि मी दोष त्यांच्या डोळ्यांना दिला. बाबा, माझं चुकलं." लॅबवाल्याने खरं तर काहीच केलं नव्हतं, तेही सांगितलं.

बाबा म्हणाले, "बरं, बरं. फोटो दाखव आधी."

कागद सोडला. मी फोटोवरून नजर काढली नाही. गालांवर ऊन, नाकाचा शेंडा जरा सोललेला, सगळं जागच्या जागी. बाबा म्हणाले, "आता बरोबर."

वहिनी काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे हेच आहेत," म्हणाल्या.

खूप दिवसांनी जेवण गेलं.

२९ मार्च

सकाळी बाबांना म्हणाले, उद्यापासून या ना दुकानात, रंग तुम्ही तपासत जा. ते हसले. म्हणाले, "रंग कुठले तपासतोय मी. मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत. वर्षभर सगळं पिवळटच दिसतं. तू म्हणालीस ते खरंच होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून लागलं जरा."

"मग आजारी दिसतायत हे कसं कळलं? आणि कालचा बरोबर आहे हे?"

"मी कुठे फोटो बघत होतो? दोन्ही वेळा वहिनींकडे बघत होतो. नमुना बघून त्यांचा चेहरा कोच आजारी असतानाचा झाला होता."

मी एकदाही बघितलं नव्हतं.